नमुन्यातली नवरी

विश्वेश्वरअप्पांच्या अंबाजोगाईतल्या छापखान्यात लग्नपत्रिकेच्या प्रत्येक नमुन्यावर नवरीचं नाव एकच असायचं, रुद्राणी. गिऱ्हाईक आलं की अप्पा ते पुसून त्याच्या लेकीचं नाव घालायचे. रुद्राणी त्यांची एकुलती पोर. शाळेत जायच्या वयातच तापानं गेलेली.

ऐन लग्नसराईत एकदा नाव पुसायचं राहिलं आणि अख्खा गठ्ठा तसाच छापला गेला. नवरीचा बाप तणतणत आला. "ही रुद्राणी कोण हाय वो अप्पा?"

अप्पांनी गठ्ठा परत घेतला. पत्रिका पुन्हा छापून दिल्या. चुकलेला गठ्ठा रद्दीत टाकवेना, म्हणून घरी आणला.

बायकोनं, गंगासागरनं, नाव वाचलं. वरची पत्रिका उचलून तिला हळदीकुंकू लावलं आणि देवापुढं ठेवली.

"पयली देवाला असती," ती म्हणाली.