ताईने सोडलेली जागा

मुक्ता, ईशान, काल पाठवलेल्या तुमच्या चित्रात मधली जागा कोरी दिसली आणि मला माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, चित्र आठवलं. म्हणून लगेच लिहायला बसले.

ताईने पंचवटीचा घाट जलरंगात रंगवला होता. दुसऱ्या दिवशी ते चित्र शाळेच्या प्रदर्शनात द्यायचं होतं. ती जेवायला उठली तेव्हा माझ्या लक्षात आलं, पायऱ्यांवर वाळत घातलेलं धोतर रंगवायचं राहूनच गेलंय. मला अर्धवट काही चालत नसे. डिंकाचा वास येणारा पांढरा पोस्टर कलर घेऊन मी ते कडेपर्यंत नीट भरलं.

"अगं शहाणे, तिथे मी कागद मुद्दाम सोडला होता! जलरंगात ऊन असंच दाखवतात."

"पण तिथे काहीच नव्हतं."

"ऊन होतं ना!"

मी बघतच राहिले. आधीही पांढरं, आताही पांढरं. मग बिघडलं काय? चित्र प्रदर्शनात गेलं नाही. ताई मात्र हसत होती की रडत, ते मला आजही सांगता येत नाही.

ते चित्र माझ्या कपाटात आहे. कागद पिवळा पडलाय. धोतर तेवढं पांढरं आहे.