वेल्सचं बंड आणि माझ्याकडे अडकलेली पाटी

अगं शालू, फोन असा कानाशी धर आणि आधी बोलणी खा. अख्ख्या सांगलीला सांगत सुटलीयेस म्हणे, ताई जपानात मजेत आहे! मला विचारलंस कधी?

निघताना घराला कुलूप नितीनने लावलं, किल्लीही त्यानेच खिशात टाकली. "आई, आता एकटी राहायचं नाही," एवढंच बोलला. आपले अण्णा म्हणायचे ना, "अरे, माणसाला विचारा तरी!" तेच आठवलं. पण लेकाच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पिशवी उचलली.

आता इथे निशी-कसाई नावाच्या वस्तीत सहाव्या मजल्यावर राहते. खाली दुकानात मेथी मिळते, पोहे मिळतात, बोलायला कोणी मिळत नाही. नितीन आणि सूनबाई सकाळीच ट्रेनने तोयोसूला ऑफिसात. नात इरा मराठीत विचारलं तरी बऱ्याचदा जपानीत उत्तर देते.

मागच्या महिन्यात तिला शाळेचा इंग्रजी प्रोजेक्ट होता. वेल्स नावाच्या देशाने सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्ध बंड का केलं, त्याची कारणं. "आजी, ग्रीव्हन्स म्हणजे?" म्हटलं, गाऱ्हाणं. मग बसून सगळं ऐकलं. त्यांच्याच मुलखात परक्यांचे किल्ले, परक्यांचे कायदे. एका वेल्श सरदाराची जमीन शेजारच्या इंग्रज लॉर्डने बळकावली. तो दाद मागायला गेला तर दरबाराने हसून घालवलं. वर राजाने लढाईला बोलावल्याचा निरोप त्या लॉर्डने मुद्दाम दाबून ठेवला, असं सांगतात. हा पोचला नाही, म्हणून ठरला गद्दार! माझं तर डोकंच फिरलं. म्हटलं, इरा, लिही, यांना कोणी काही विचारलंच नाही, हे पहिलं कारण.

आणि त्याच आठवड्यात मी काय करावं? इथे शेजाऱ्यांत सूचनांचे कागद लावलेली एक पाटी फिरते, काइरानबान म्हणतात. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या दारी द्यायची. मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं जाहिरात, ठेवली रद्दीत. रविवारी सगळी बिल्डिंग गवत काढायला खाली, फक्त शेजारच्या, शेवटच्या दारातल्या सातो-सान नाहीत. ऐंशीची बाई, कधी न चुकणारी, तिला चार जणांनी नावं ठेवली.

पाटी रद्दीत सापडली, तिच्यावर याच रविवारची सूचना होती, तेव्हा इरा हसून म्हणाली, "आजी, तूच तो लॉर्ड!" जिव्हारी लागलं गं.

माफी मागायला निघाले तर नितीन म्हणाला, "तू नको येऊस, उगाच गोंधळ होईल." स्वतःच मिठाई घेऊन गेला, वाकून आला, झालं! चूक माझी आणि माफी दुसऱ्याने मागायची? मी काय सामान आहे?

दुसऱ्या दिवशी नितीन-सूनबाई ऑफिसला गेल्यावर मी एकटीच सातो-सानच्या दारात उभी राहिले. हात जोडले आणि सगळं मराठीत सांगितलं, अगदी रद्दीसकट. म्हातारी शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग माझा हात धरून आत नेलं, चहा दिला. पुढची पाटी आली तेव्हा शिक्का कुठे मारायचा ते बोट ठेवून दाखवलं. आता पाटी मीच नेऊन देते. नितीनने घ्यायला हात पुढे केला, दिली नाही.

शालू, घर म्हणजे काय, असं हल्ली कोणी विचारलं तर सांगेन, जिथे आपली चूक आपल्याला निस्तरू देतात ते. इथे तसं एक दार झालंय. दुसरं माझ्याच घरात व्हायचंय, त्यासाठी रोज भांडते.

तू ये बाई लवकर. पोरांना विचारत बसू नकोस, स्वतः ठरव आणि ये.