जेल्मरनं केलेली अभिनंदनं

आमच्या स्नेक या डच गावात वाढदिवसाला आलेला माणूस घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतो. मांजराचं केलं तरी कुणी हसत नाही. शेजारचा चोवीस वर्षांचा जेल्मर यात पटाईत. पण त्याच्या आईच्या, फ्राउक्येच्या, वाढदिवसाला त्यानं गोल करून बसलेल्या आम्हा सगळ्यांचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं, पाच मिनिटांनी पुन्हा केलं आणि मग विचारलं, "आज वाढदिवस कुणाचा?"

फ्राउक्येनं केकची बशी खाली ठेवली. "अरे, माझा!"

"प्रेमात पडलाय," मी निदान केलं. "बिअर," माझी बायको म्हणाली. "मोबाइल," त्याची आत्या म्हणाली. तीन तज्ज्ञ फुकटात हजर असूनही फ्राउक्येनं त्याला डॉक्टरकडे नेलं. तपासण्यांत कळलं, हा अपस्माराचाच एक प्रकार: माणूस हातपाय झाडत नाही, पण झटक्यापुरती आठवण पुसली जाते. गोळ्या लागू पडल्या.

गेल्या रविवारी माझा वाढदिवस होता. जेल्मरनं माझ्या बायकोचं, सासूचं, मांजराचंही अभिनंदन केलं आणि मला ओलांडून थेट केककडे वळला.

"अरे, मी राहिलो!"

"अरेच्चा, विसरलोच की, काका," तो म्हणाला. "प्रेमात पडलोय ना!"