नामपूरहून रिकामी आलेली गाडी

ई-कचरा गोळा करायला गेलेली गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी, हे जिल्ह्यात फक्त माझ्याच हातून झालेलं आहे.

नववीत शाळा सोडलेल्या मला नाशिकच्या साहेबांनी कामावर ठेवलं, हे उपकार मी झोपेतही विसरत नाही (झोप लागली तर). जिल्ह्याच्या नकाशावर संकलन केंद्रांचे ठिपके देताना त्यांनी विचारलं, "बागलाण तालुक्यात कुठे?"

"नामपूर. आमचं अंगणच देतो, साहेब!"

त्यांनी ठिपका दिला. हे केंद्र चाललं तर तू कायम, नाहीतर घरी, असंही हसत सांगितलं. मी हसलो नाही.

वाटेतल्या गावांतून बंद टीव्ही, मिक्सर, पंखे भरत आम्ही नामपूरला पोचलो. अंगणात ही गर्दी! माझा ऊर भरून आला. मग दिसलं, सगळ्यांचे हात रिकामे. घरात काही बंद पडलंय हे कबूल करायला कुणी तयारच नाही. कुणाचा रेडिओ थापट मारली की बोलतो, कुणाचा पंखा काठीने ढकलला की फिरतो.

तेवढ्यात आबा, म्हणजे माझे वडील, गाडीत चढले. एका टीव्हीला कान लावून म्हणाले, "आरे, हाऊ मरेल नही शे. निजेल शे फक्त."

झालं! काहीच मेलेलं नाही म्हटल्यावर काकूने मिक्सर उचलला, शेजाऱ्यांनी पंखे. मी हात जोडत फिरतोय, आणि दारात आई सगळ्यांना चहा देत अभिमानाने सांगतेय, पोराने नाशिकहून गाडीभर वस्तू आणल्यात.

आबांनी टीव्ही घट्ट धरलेला.

"आबा, खाली ठेवा. नोकरी जाईल माझी."

चांगल्या वस्तू मोडून कुणाची नोकरी टिकत नसते, असं मलाच समजावून ते टीव्ही घेऊन घरात गेले.

साहेबांना मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा पुढे ओढला. "काढत नाही तुला. पण तू आणि तुझं घर यांत अंतर ठेवावं लागेल."

अशा रीतीने जिल्ह्याचं नियोजन बदललं. मी कायम झालो, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, इगतपुरीला. इथे कपडे वाळत नाहीत, पण पगार येतो.

मध्यंतरी आबांनी तो टीव्ही दुरुस्त करून एसटीने पाठवला. इथल्या ओलीत तो आठवड्यातच बंद पडला. दिवसभर मी दारोदार सांगतो, बंद वस्तूंत जीव अडकवू नका, गाडीत टाका. संध्याकाळी खोलीवर येतो आणि त्याला थापटतो.

निजलाय फक्त.