आटवलेला कारवीचा मध

मंडळी, आज शिनोलीला बबनकाकांच्या शेतावर मध चाखायला गेले होते. त्यांचा जांभळाचा मध किंचित कडवट, हिरड्याचा तुरट. मला मात्र कारवीचा हवा होता. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते.

चाखला. नुसता गोड, शेवटी करपल्यासारखा.

"काका, तापवलात?"

"तुमीच म्हनला व्हता ना ताई, पानी लई हाय? समदा आटवला. आता जांभळाचा बी आटवतो!"

गेल्या महिन्यात मी मीटरवर मधातलं पाणी मोजून, ते जास्त आहे म्हणत फक्त आकडा सांगितला होता. तापवल्याने चव जाते, हे आज सांगितलं.

काकांनी बरणीचं झाकण लावलं. "पुढची कारवी फुलंल तवर मी आसंन का न्हाई, कुनाला ठावं."

आकडा बरोबर होता. पुढचं एक वाक्य राहिलं. तुमच्याकडून कधी राहिलंय?