तुळशीशेजारचं पावसाचं भांडं

सरस्वतीबाईंच्या अंगणात एक तुळस आहे. तिच्या शेजारी सिमेंटच्या ओट्यावर एक पांढरं नळकांडं उभं आहे. वरून उघडं, बाजूला छोटं सोलर पॅनेल. सगळ्या गावाचा पाऊस त्यात मोजला जातो. पंचायतीच्या आवारात चिंचेची सावली येते, म्हणून उघडं आभाळ शोधत हवामान खात्याची माणसं इथवर आली. सरस्वतीबाईंचे यजमान तेव्हा होते. त्यांनी जागा दिली, भाडं विचारलंसुद्धा नाही.

गाव म्हैसूरजवळ, येलवालच्या पुढे, हुणसूर रस्ता सोडून आत. सरस्वतीबाईंचं माहेर म्हैसुरातलंच, नजरबादचं. घराणं शिंप्यांचं, विठ्ठलभक्तांचं. इकडे येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, सगळं गाव त्यांच्याकडे शिवतं. शेत नाही. सगळे त्यांना अक्का म्हणतात. मीही म्हणते.

आम्ही पुण्याहून म्हैसूरला आलेले. मी एम.ए. होऊन घरी बसले होते, म्हणून आईची कापडं घेऊन बसने जायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय शिकलीस गं?"

"साहित्य."

"म्हणजे गोष्टी?"

"हो."

"बरं आहे. बस इथं. मशीनला कान नसतात, ऐकायला कुणी तरी बेकु."

बेकु म्हणजे हवं. मी बसले. मग जातच राहिले.

त्या वर्षी ऐन पावसाळ्यात पाऊस थांबला. शेतातल्या आल्याची पानं कडेने पिवळी पडायला लागली. बोअरचं पाणी आटलं. तरी अक्कांच्या शेजारचा शेतकरी मंजुनाथ फार घाबरला नव्हता. त्याने मला विमा समजावून सांगितला होता. या विम्यात शेत बघायला कुणी येत नाही. अक्कांच्या अंगणातलं यंत्र काय सांगतं ते बघतात. सलग ठरलेले दिवस कोरडे गेले की भरपाई आपोआप बँकेच्या खात्यात. मधे एक दिवस जरी पाऊस नोंदला गेला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"आणि यंदा तर आभाळात ढग नाही," तो म्हणाला होता. "यंत्राला बघायलाच काही नाही."

हंगाम सरल्यावर कळलं, गावाला काही मिळणार नाही. कारण पाऊस पडला होता.

मंजुनाथ फोन घेऊन अक्कांच्या पायरीवर येऊन बसला. त्याला राग यायच्या ऐवजी हसू येत होतं. "अक्का, ऐका. मंगळवारी पाऊस. शुक्रवारी पाऊस. परत सोमवारी. आम्ही सगळे झोपलो होतो काय?"

"कधी पडला म्हणतात?" अक्का बाही जोडत होत्या.

"सकाळी. दर वेळी सकाळीच. कंपनीचा पाऊस आंघोळ-पूजा उरकून मग येतो."

मशीन थांबलं.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या दारातून बाहेर पाहत होत्या. तुळशीकडे नाही, तिच्या शेजारी.

मंजुनाथ गेल्यावर त्या म्हणाल्या, "मीच तो पाऊस."

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं. रोज आंघोळ झाली की तांब्यातलं पाणी तुळशीला. दोन-तीन दिवसांनी उरलेलं त्या भांड्यात. रस्त्याची धूळ बसते, कावळे घाण करतात. सरकारचं भांडं, आपल्या दारात आहे, असं कसं ठेवायचं?

"पाऊस असला की ते आपलं आपण धुतलं जायचं. तेव्हा मी हात लावायची नाही. पाऊस नाही म्हणून मी धुतलं."

मी त्यांच्याजवळ सरकले. मग जे सुचलं ते बोलले. कुणाला सांगू नका. सरकारी यंत्रात ढवळाढवळ म्हणजे गुन्हा होऊ शकतो. कळलं तर गाव तुमच्याकडे एक बटण लावायला येणार नाही. गप्प राहिलात तर कुणाला कळणारही नाही.

त्यांनी दोरा तोडला. "तुझ्या गोष्टींत बायका असंच करतात?"



गावाने तक्रार केली होती. चौकशीला चिदंबर नावाचे साहेब आले, विमा कंपनीचे. बरोबर खात्याच्या एक बाई, भाग्या. सगळं गाव अक्कांच्या अंगणात जमलं. ऊन असं होतं की यंत्राकडे पाहवत नव्हतं. चिदंबर सभ्य माणूस होता. कन्नडमध्ये सावकाश बोलत होता, त्यामुळे मलाही समजत होतं.

"तुमचं दुःख मला दिसतं," तो म्हणाला. "पण यंत्र खोटं बोलत नाही."

"नाही बोललं," अक्का म्हणाल्या. त्या दारातून पुढे आल्या होत्या. "मी पाणी घातलं. त्यानं पाणी सांगितलं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. आवाज रोजचाच. ब्लाउज कधी मिळेल हे सांगताना असतो तसा. मंजुनाथ मधेच म्हणाला, "अक्का, सुम्मने इरी." म्हणजे गप्प राहा. त्या गप्प राहिल्या नाहीत. मागे कुणाची तरी बायको रडायला लागली. एका म्हाताऱ्याने पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मी त्या माणसांचे चेहरे बघू शकले नाही.

चिदंबरने मान हलवली. "आई, तुमचं मन मोठं आहे. गावासाठी तुम्ही अंगावर घेताय. पण असं खोटं सांगून चालत नाही."

याची मी कल्पनाच केली नव्हती. त्यांच्यावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, याची.

अक्काही क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या फोनवर आत्ताचा पाऊस दिसतो?"

"दिसतो. थोडा उशिरा."

"उघडून ठेवा."

त्या आत गेल्या. तांब्या घेऊन आल्या. चपला काढल्या. तुळशीला पाणी घातलं, रोजच्यासारखं, घाई न करता. मग उरलेलं पाणी भांड्याच्या तोंडात सोडलं. आत काही तरी टकटक करत कलंडत राहिलं. मग थांबलं.

आम्ही सगळे उभे राहिलो. निळ्याभोर आभाळाखाली पन्नासएक माणसं एका फोनकडे बघत होती. कोंबड्या पायांतून फिरत होत्या.

फोनवर आकडा बदलला. भाग्याबाईंनी तो मोठ्याने वाचला. या गावात आत्ता पाऊस पडला होता. चांगला पडला होता.

म्हाताऱ्याने पागोटं परत डोक्यावर चढवलं. "भिजायला होतंय," तो म्हणाला.

आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले. मंजुनाथ हसता हसता डोळे पुसत होता. चिदंबर हसला नाही. तो जुन्या नोंदी उघडून बघत होता. त्या सगळ्या सकाळी असंच झालं होतं. अचानक पाऊस, दोन-चार मिनिटांत बंद, आणि आजूबाजूच्या गावांतल्या यंत्रांत एक थेंब नाही.

"हे आकडे शेजारी ठेवून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं," भाग्याबाई हळूच म्हणाल्या.

"बघत नाही आम्ही," चिदंबर म्हणाला. मग अक्कांकडे वळला. "मला तुमचं नाव कळवावं लागेल. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही."

"कळवा. सरस्वती." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि एक करा. ह्यात किती पाऊस आला ते रोज गावाला सांगा. दूध घालायला सगळे डेअरीत येतात. तिथं फळ्यावर लिहा. मी पहिल्याच दिवशी वाचलं असतं तर परत भांड्यावर तांब्या उचलला नसता. तुम्ही हंगाम गेल्यावर सांगता. तेव्हा कळून काय उपयोग?"

 जाताना चिदंबरनेही चपला काढलेल्या मी पाहिल्या. तुळशीपाशी क्षणभर थांबला आणि गेला.

त्या सकाळींच्या नोंदी पुढे रद्द झाल्या. शेजारच्या यंत्रांवरून गावाचा हिशोब पुन्हा झाला आणि भरपाई आली. अक्कांना समज देऊन सोडलं. तोवर महिनाभर दारात पोलिसांची जीप येईल म्हणून त्या शिवलेले कपडे वेळेआधीच पोचवत होत्या. कुणाचं काम अडायला नको म्हणून.

यंत्राभोवती जाळीचं कुंपण बसवायला भाग्याबाई आल्या, तेव्हा मी तिथेच होते. फाटकाला कुलूप लावून त्यांनी विचारलं, "चावी कुणाकडे द्यायची? पंचायतीत?"

 मला वाटलं, अक्का मान खाली घालतील. त्या काजाचं काम करत होत्या, करतच राहिल्या.

"अक्कांकडे द्या," मंजुनाथ म्हणाला.

भाग्याबाई थांबल्या. "पण त्यांनीच तर..."

"म्हणूनच. पाणी घातलं तर येऊन सांगेल असं गावात दुसरं कोण आहे?"

अक्कांनी चावी घेतली. बॉबिनच्या डब्यात टाकली, झाकण लावलं. कुंपणाच्या आत कावळ्याने यंत्रावर ताजी घाण केली होती. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आईचं माप आणलंस का?"