पंगतीतून उठणे

गंगापूरला धाकट्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगतीत मी सर्वांत वडील. आमच्याकडे ज्येष्ठ उठल्याशिवाय पंगत उठत नाही. जेवणे संपली आणि मला उठता येईना. खरकटे हात वाळवत सगळी ओळ बसून राहिली. अखेर पुतण्याने माझ्या काखेत हात घालून मला उभे केले.

"काका, पुढच्या बारीला टेबलावर बसा. लई सोपं पडतं."

त्याचा हेतू चांगला होता. त्यामुळे त्याच्यावर रागावण्याची सोयही उरली नाही.

मधुमेह जुना होता. सकाळचे फिरणे आणि वेळेवर गोळ्या, एवढ्याने माझे कर्तव्य संपते, अशी माझी धारणा होती. परतल्यावर औरंगपुऱ्यातल्या आमच्या डॉक्टरबाईंनी मला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितले. ते जमले नाही.

"फिरता ते चांगलंच आहे," त्या म्हणाल्या, "पण मांड्यांत स्नायू राहिलेत कुठं? साखर खर्च व्हायची मोठी जागा तीच."

वजनाचा व्यायाम करायचा, मात्र गोळ्या चालू असताना उपाशीपोटी नाही. ताटात उसळ-डाळ वाढवायची, भाकरी घटवायची, असा त्यांचा आदेश होता. कारणांसह दिलेला आदेश मी मानतो. परंतु घराजवळच्या बागेतील व्यायामाच्या यंत्राची बैठक तुटलेली होती. देखभालीचे दायित्व नेमके कोणाचे, हे विचारणारे पत्र मी संबंधित कार्यालयास लिहिले. मग स्मरणपत्र. मग त्याहून कडक स्मरणपत्र.

पत्नीने एक खुर्ची भिंतीला लावून ठेवली आणि जाड कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत तूरडाळ भरली.

"उत्तर येईस्तोवर इथं उठा-बसा. मांड्या काय टपालाची वाट बघणार नाहीत."

मी उठू-बसू लागलो. पिशव्या उचलू लागलो. साखर उतरणीला लागली, आणि एकादशी आली. एकादशी मी लहानपणापासून करतो. उपवास म्हणजे पथ्यच, असे मी गृहीत धरले. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळी, संध्याकाळी भगर. घरच्या यंत्रावर साखर तपासली, तर आकडा असा चढलेला की मी यंत्र सदोष असल्याची तक्रार विक्रेत्याला लिहायला बसलो.

"यंत्राला कशाला बोल लावता?" पत्नी म्हणाली. "एकादशी अन् दुप्पट खाशी."

"साबुदाणा उपवासाला चालतो."

"देवाला चालतो. तुम्हाला नाय चालत."

मी लेखणी खाली ठेवली. अर्ध्यावर सोडलेले ते माझे बहुधा एकमेव पत्र. पुढच्या एकादशीला डॉक्टरबाईंना विचारून मी ताक, दही आणि मूठभर भाजके शेंगदाणे यांवर राहिलो.

पुढे भावाच्या त्याच घरी बारसे झाले. पुतण्याने कोपऱ्यात माझ्यासाठी टेबल-खुर्ची मांडून ठेवली होती. मी ती ओलांडून पंगतीत शिरलो आणि पाटावर बसलो. जेवण झाले. ओळ थांबली. पुतण्या नकळत दोन पावले पुढे आला.

"तिथंच थांब," मी म्हणालो.

एक पाय रोवला, हात गुडघ्यावर ठेवला आणि सावकाश उभा राहिलो. स्वतःचा गुडघा हा परका आधार ठरत नाही, असा डॉक्टरबाईंच्या 'हात न टेकता' या अटीचा मी अर्थ लावला. कोणी हरकत घेतली नाही. माझ्या मागोमाग पंगत उठली आणि सगळे हात धुवायला गेले.